पॅकेज बांधणारे अडते नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान पुरवणीतील मुक्त संगणक प्रणालींवरचा लेख आवडीने वाचला. लिनक्सविषयी मराठीत इतके सविस्तर क्वचितच छापून येते, त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र त्यातील एका विधानावर गप्प बसवत नाही. वितरणांसाठी (लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम एकत्र करून देणाऱ्या संचांसाठी) पॅकेजे, म्हणजे प्रोग्रॅमचे बसवण्याजोगे गठ्ठे, बांधणारे लोक हे मूळ लेखक आणि वापरकर्ता यांच्यामधले अनावश्यक अडते आहेत, आणि सगळे काही सोर्स कोडवरून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुरावरून, वापरकर्त्याच्याच संगणकावर बांधणाऱ्या वितरणात तर त्यांना कामच उरत नाही, कारण कोड मूळ लेखकाचा आणि त्याचा चालता प्रोग्रॅम करणारा कंपायलर वापरकर्त्याचा, असा त्या विधानाचा आशय आहे. अशाच एका वितरणासाठी प्रोग्रॅमिंग भाषांचे इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषांतला कोड चालवणारे प्रोग्रॅम, पॅकेज करण्याचे काम मी काही वर्षे फावल्या वेळात करते आहे, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. या कामाला सर्वाधिक विचार लागतो तो सोर्सवर चालणाऱ्या वितरणातच.

तयार बायनरी, म्हणजे आधीच बांधलेला प्रोग्रॅम, देणाऱ्या वितरणात पॅकेज एकदाच, ठरलेल्या वातावरणात बांधले जाते आणि तेच सर्वांना पोचते. जेंटूसारख्या वितरणात पॅकेज बांधणारा माणूस ते कसे बांधावे याची लेखी कृती देतो. तिला तेथे ईबिल्ड म्हणतात. ही कृती लिहिणाऱ्याने कधीही न पाहिलेल्या संगणकांवर चालते. एखाद्याकडे ग्राफिक्सच्या लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) मुळीच नसतात, दुसरा नेहमीच्या ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरतो, तिसऱ्याचा प्रोसेसर आर्म घराण्यातला असतो. म्हणून मूळ लेखकाने जे परिस्थितीवर सोडून दिलेले असते, ते सर्व कृतीत स्पष्ट लिहावे लागते.

पायथॉन या भाषेचेच उदाहरण घ्या. बांधण्याआधी चालणारी त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट संगणकावर काय काय आहे ते चाचपते आणि जे सापडेल त्यानुसार एसक्यूलाइट, टीके, रीडलाइन, जीडीबीएम या लायब्ररींशी बोलणारी मॉड्यूले बांधते. जे सापडत नाही त्याची नोंद शेवटी छापून ती पुढे जाते. स्वतःपुरते पायथॉन बांधणाऱ्याला ही सोय वाटते, आमच्या लेखी मात्र तो सापळा असतो. मी स्वतः त्यात अडकले आहे. सुरुवातीच्या काळात एका लहानशा इंटरप्रिटरच्या कृतीत रीडलाइनवरचे (टाइप केलेल्या ओळी बदलण्याची आणि परत आणण्याची सोय देणाऱ्या लायब्ररीवरचे) अवलंबित्व नोंदवायचे माझ्याकडून राहून गेले. माझ्या संगणकावर ती लायब्ररी आधीपासूनच होती, त्यामुळे सगळ्या चाचण्या निर्धोक पार पडल्या. काही दिवसांनी एकाने कळवले की इंटरप्रिटर चालतो, पण वरचा बाण दाबला की आधीची ओळ परत येण्याऐवजी पडद्यावर कंस आणि अक्षरे उमटतात. दुसऱ्याची तक्रार बरोबर उलटी होती. बांधताना त्याच्याकडे रीडलाइन होती, पुढे ती कोणालाच लागत नाही असे समजून त्याने काढून टाकली, पॅकेज व्यवस्थापकाने, म्हणजे पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमने, त्याला अडवले नाही, आणि इंटरप्रिटर सुरूच होईना. दोन्ही तक्रारींचे मूळ मी न लिहिलेल्या एका ओळीत होते. जेंटूत अशा प्रत्येक ऐच्छिक सोयीसाठी युझ फ्लॅग, म्हणजे वापरकर्त्याने चालू-बंद करायची खूण, ठेवतात, आणि फ्लॅग बंद असेल तर लायब्ररी समोर असूनही तिच्याकडे पाहायचे नाही, असे कॉन्फिगरला बजावून सांगतात.

इंटरप्रिटरच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट असते. जेंटूचा पॅकेज व्यवस्थापक पोर्टेज हा स्वतःच पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. म्हणजे ज्या फांदीवर बसायचे, तीच बसल्या बसल्या बदलायची! जुने पायथॉन काढून मग नवे बसवायला गेलो, तर नवे बसवणारा कोणी उरणारच नाही. यावरचा तोडगा म्हणजे स्लॉट. त्यामुळे ३.११, ३.१२, ३.१३ या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात, आणि कोणते पॅकेज कोणत्या आवृत्त्यांबरोबर चालते हे प्रत्येक ईबिल्डमध्ये नोंदवलेले असते. २०२० पासून पायथॉनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते, आणि प्रत्येकीला सुमारे ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे ही नोंदवही कधीच मिटत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१२ मधून पॅकेजे बांधायला लागणारे डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल काढून टाकण्यात आले, तेव्हा त्याच्या भरवशावर उभी असलेली जुनी पॅकेजे बांधली जाणेच थांबले. त्यांतली काही मूळ लेखकांनी कधीच वाऱ्यावर सोडली होती. त्यांना पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लावून चालती ठेवायची की वितरणातून निरोप द्यायचा, हा निर्णय पुरवणीतील लेखकाच्या मते ‘अनावश्यक’ असलेल्या माणसांनीच घेतला.

भाषा लहान असली म्हणून काम लहान होते असेही नाही. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली लुआ ही भाषा काही सेकंदांत बांधून होते, पण तिची मूळ मेकफाइल (बांधण्याच्या सूचनांची फाइल) फक्त स्टॅटिक, म्हणजे वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातच जाणारी, लायब्ररी तयार करते. तीच वापरली तर लुआतला एखादा दोष दुरुस्त झाल्यावर लुआ पोटात घेतलेला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो, म्हणून सर्वांनी बाहेरून वापरायच्या शेअर्ड लायब्ररीची तजवीज वितरणे स्वतः करतात. शिवाय ५.१ साठी लिहिलेला कोड ५.४ वर चालेलच याची खात्री नाही, आणि वेगासाठी वापरले जाणारे लुआजिट ५.१ च्याच बोलीत बोलते.

सर्वांनी एकच सामाईक प्रत वापरावी, हे तत्त्व पायथॉनच्या टारबॉलमध्ये (मूळ कोडच्या गठ्ठ्यात) सोबत येणाऱ्या एक्सपॅट या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीला लागू पडते. २०२२ च्या आरंभी एक्सपॅटमध्ये एकामागून एक सुरक्षाविषयक दोष उघड झाले. पायथॉनने स्वतःची आतली प्रत बाजूला ठेवून प्रणालीतली एक्सपॅट वापरावी, असे ज्यांच्या कृतीत लिहिलेले होते, त्यांना एक छोटी लायब्ररी नव्याने बांधून भागले. पीजीओ ही वेग वाढवणारी पद्धत चालू करून पायथॉन बांधायचे, म्हणजे एकदा मोजमापासाठी बांधायचे, चाचण्या चालवून कोणता कोड अधिक वापरला जातो ते टिपायचे आणि मग पुन्हा बांधायचे, असा दुहेरी खटाटोप ज्याने जुन्या लॅपटॉपवर केला आहे, त्याला या वाचलेल्या वेळाची किंमत सांगायला नको.

पॅकेज बांधणाऱ्यांच्या हातून चुका होत नाहीत असा माझा दावा नाही. २००६ मध्ये डेबियन या वितरणातील ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीला लावलेल्या एका पॅचमुळे यादृच्छिक संख्या तयार करणारी यंत्रणाच पंगू झाली, आणि २००८ च्या मे महिन्यात ते उघड होईपर्यंत ओळखता येतील अशा दुबळ्या किल्ल्या जगभर तयार होत राहिल्या. तेव्हापासून मूळ लेखकाला न दाखवता पॅच लावताना कोणाचाही हात थरथरावा, आणि तो थरथरलेलाच बरा. पण पुरवणीतील लेखकाने ही बाजू मांडलीच नाही. त्यांचा आक्षेप पॅकेज बांधणारे फाजील ढवळाढवळ करतात असा असता तर त्यावर चर्चा करता आली असती, ते काहीच करत नाहीत हे म्हणणे मात्र टिकणारे नाही.

शेवटी एका दुरुस्तीची विनंती. लेखासोबतच्या चौकटीत पायथॉनची लायब्ररी प्रशासकाच्या अधिकाराने थेट पिप या पायथॉनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाद्वारे बसवावी असे सुचवले आहे. तसे केल्यास पिपने आणलेल्या फायली पॅकेज व्यवस्थापकाच्या नोंदीत येत नाहीत, आणि प्रणालीतील साधने जी लायब्ररी वापरतात तिचीच दुसरी आवृत्ती मध्येच घुसू शकते. याच कारणासाठी डेबियन १२ पासून आणि इतरही अनेक वितरणांत पिप अशा आदेशाला नकार देते. तो नकार डावलण्याचा जो पर्याय चौकटीत छापला आहे, तो नवशिक्या वाचकाच्या हाती देऊ नये. पायथॉन ३.३ पासून सोबत येणाऱ्या व्हेन्व मॉड्यूलने वेगळे वातावरण तयार करून त्यात पिप वापरावे, एवढा बदल पुढील अंकात शुद्धिपत्र म्हणून छापावा.

आपली विश्वासू,
एक वाचक