मला मानलिखरच हवी

प्रिय बाळ्या,

फोनवर तू विचारलंस की म्युनिकमध्ये राहून तुला रायफल कशाला रे, आणि तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली, म्हणून आता नीट लिहूनच सांगतो.

मला कुठलीही रायफल नकोय. मला मानलिखर-शोनाउअर हवीय, 1903 चं मॉडेल, ऑस्ट्रियातल्या श्टायरची. इथल्या एका जुन्या दुकानात हातात घेऊन बघायला मिळाली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. अक्रोडाचा दस्ता पार नळीच्या तोंडापर्यंत गेलेला, नळी जेमतेम 18 इंच, वजन तीन किलोच्या आसपास, बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याची, मूठ लोणी लावायच्या सुरीसारखी चपटी. बोल्ट मागे घेतला तर कुठे खर्रर्र नाही, अडकणं नाही, सुळ्ळकन आला आणि तसाच परत गेला.

खरी जादू मात्र मॅगझिनमध्ये आहे. बहुतेक रायफलींत काडतुसं एकावर एक रचलेली असतात, इथे आत एक फिरता रूळ आहे, पाच काडतुसं आणि प्रत्येकाला स्वतःची खाच, एक वापरलं की रूळ फिरून पुढचं वर आणतो, एकमेकांवर घासणं नाही की ठोकर नाही. हे ऑटो शोनाउअरचं काम. बाकी रायफल ज्याची, तो मानलिखर स्वतः 1904 मध्ये गेला, म्हणजे ही त्याची शेवटची शेवटची. आणि सगळं 6.5 मिलिमीटरच्या त्या लांब, बोथट नाकाच्या 160 ग्रेनच्या, म्हणजे साधारण दहा ग्रॅमच्या, गोळीसाठी बेतलेलं, आखूड टोकदार गोळी घातलीस तर नीट चढेलच असं नाही. लोक ह्याला दोष म्हणतात, मला तर एकाच कामासाठी इतकं मन लावून केलेली वस्तू ह्याच्यामुळेच जास्त आवडते.

कारामोजो बेल नावाच्या शिकाऱ्याने असल्या बारक्या गोळीने आफ्रिकेत हत्ती मारले, त्याचं मला काही कौतुक नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने वाघासारख्या प्राण्यांची शिकार बंद झाली तेही बरंच झालं. जिम कॉर्बेटची .275 रिग्बी रायफल पण मला आवडते, चंपावतच्या वाघिणीनंतर 1907 मध्ये बक्षीस मिळालेली, पण ती माऊझर ह्या जर्मन घराण्यातली, हा बोल्ट तिला नाही.

म्युझियमच्या काचेआड बघून माझं समाधान होत नाही रे. ती स्वतः पुसावी, तेल द्यावं, रेंजवर चालवावी, दोन घोड्यांपैकी मागचा दाबून पुढचा नुसत्या बोटाच्या स्पर्शाने सुटतो ते अनुभवावं, आणि माझ्यानंतर तशीच चांगल्या हातात जावी असं वाटतं.

त्यासाठी इथे शिकाऱ्याची परीक्षा द्यायचं ठरवलंय. लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी, त्यात प्राणी, झाडं, कुत्री, मांसाची स्वच्छता, कायदा सगळं येतं, तेही जर्मनमधून. मग परवाना, मग पोलादी तिजोरी, बायकोने तिजोरीची जागासुद्धा कबूल केलीय. वेळ लागेल, लागू दे.

तू उन्हाळ्यात येणार असशील तर आधी कळव, श्टायरला जाऊ दोघं.

तुझा,
दिन्या