कायदा होता, फाइल कुणी वाचली ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला जर्मन मुलखातल्या चेटकिणींच्या खटल्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. लेखकाची कळकळ जाणवते, त्याबद्दल वादच नाही, पण त्या काळात तिकडे कायदा म्हणून काही नव्हतंच, सगळा जमावाचा आणि राजाच्या मर्जीचा कारभार होता असं जे ठासून म्हटलंय ते बरोबर नाही, आणि ते तसंच राहिलं तर ज्यांनी हे केलं ते अधिकारी आयते सुटतात असं मला वाटतं म्हणून हे पत्र.

कायदा होता. चांगला छापलेला होता. हा सगळा जर्मन मुलूख तेव्हा पवित्र रोमन साम्राज्यात होता. १५३२ साली रेगेन्सबुर्गच्या साम्राज्यसभेत सम्राट पाचव्या चार्ल्सच्या नावाने फौजदारी कायदा मंजूर झाला, त्याला सगळे 'कॅरोलिना' म्हणतात, २१९ कलमांचा. नुसत्या संशयावरून शिक्षा द्यायची नाही, एकतर आरोपीची कबुली पाहिजे नाहीतर दोन-तीन भरवशाचे साक्षीदार. कबुलीसाठी छळ करायला परवानगी होती, आणि हे भयंकरच आहे, त्याची सफाई कुणी देऊ नये, पण छळ करण्याआधी पुरेसा आधार हवा, प्रश्न विचारताना उत्तर आरोपीच्या तोंडात घालायचं नाही, आणि आधार नसताना छळ केला तर अधिकाऱ्यांनी भरपाई द्यायची, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. आणि अडलं तर वरच्या कोर्टाला किंवा विद्यापीठातल्या कायद्याच्या पंडितांना विचारा असंही सांगितलंय. त्याच कायद्यात चेटूक करून इजा केली तर जाळायची शिक्षा पण आहे, म्हणजे तो काही दयाळू कायदा नव्हता. पण नियम होते.

मग एवढ्या बायका-माणसं मेली कशी? मेख त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे. आपापल्या जुन्या रीती चालू ठेवायची मुभा संस्थानिकांनी तिथे ठेवून घेतली होती. शेकडो छोटीमोठी संस्थानं, बिशपांची राज्यं, स्वतंत्र शहरं, आणि प्रत्येक ठिकाणी खालचा अधिकारी तो कायदा कसा वापरेल ते त्याच्यावर. शिवाय फौजदारी निकालावर साम्राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात अपील करायची वाट १५३० सालीच बंद केलेली होती, प्रक्रियाच धाब्यावर बसवली अशी तक्रार तेवढी करता यायची. म्हणजे तुमचा जीव वाचेल की नाही हे कलमांपेक्षा जास्त या गोष्टीवर ठरायचं की तुमची फाइल गावाबाहेरच्या कुणी शहाण्या माणसाने वाचली का.

लेखात कॅथरिना केप्लरचं नाव एका ओळीत येऊन गेलंय, खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरची आई म्हणून, आणि ती नशिबाने सुटली असं लिहिलंय. नशिबाने नाही हो! वुर्टेंबर्ग संस्थानातल्या लिओनबर्गची ही म्हातारी. १६१५ साली शेजारच्या बाईने, उर्सुला राइनबोल्ड तिचं नाव, आरोप केला की हिने दिलेलं कडू पेय पिऊन मी आजारी पडले. तिथला फोग्ट, म्हणजे ड्यूकचा स्थानिक अंमलदार, लुथेरस आइनहोर्न, तो तक्रारदारांच्या बाजूचाच होता, आणि उर्सुलाच्या भावाने तर ह्या अंमलदाराच्या देखत म्हातारीच्या छातीला तलवार लावून चेटूक काढून घे म्हणून धमकावलं. केप्लर कुटुंबाने उलट बदनामीचा दावा लावला आणि तो वर्षानुवर्षं रखडला. १६२० च्या ऑगस्टमध्ये तिला मुलीच्या घरातून रात्री उचललं, तेव्हा वय सत्तरीच्या पुढे, आणि पुढे चौदा महिने कैदेत, साखळीला बांधून.

केप्लर लिंझहून आला आणि त्याने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही केली की खटला लेखी चालवायला लावला. तोंडी बोलणं हवेत विरतं आणि कारकून पाहिजे ते लिहितो, कागदावरचं मात्र फाइलबरोबर पुढे जातं. कोर्टाच्या कारकुनाने नोंद केलीय की कैदी, दुर्दैवाने, आपल्या मुलाच्या मदतीसह हजर आहे. 'दुर्दैवाने' हा शब्द त्या दप्तरात आजही आहे, मला तो वाचून फार वाईट वाटतं, कारण त्यात त्या ऑफिसचं सगळं मन दिसतं. एकेक साक्ष घेऊन केप्लरने दाखवलं की ही साक्ष ऐकीव, ती दुश्मनीतून आलेली, हा आजार साधा आजारच. मग फाइल ट्युबिंगेन विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे गेली. तिथल्या लोकांनी सांगितलं की प्रत्यक्ष छळ करायचा नाही, फक्त जल्लादाकडून हत्यारं दाखवून धाक घालायचा. सप्टेंबर १६२१ ला तिला त्या हत्यारांपुढे नेलं, ती म्हणाली की शरीरातली एकेक शीर उपसून काढलीत तरी माझ्याकडे कबूल करायला काही नाही. आणि ती सुटली. पुढच्या एप्रिलमध्ये वारली. धीर तिचा होता, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईवर खरोखर शिकंजा चढवला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको, तो चढू दिला नाही ट्युबिंगेनहून आलेल्या कागदाने.

आता ह्याच्या शेजारी बांबेर्ग हे बिशपचं राज्य ठेवून बघा. तिथेही कॅरोलिनाच लागू होती. १६२६ ते १६३१ मध्ये तिथल्या राजबिशपाच्या आयोगाने खटल्यांचा सपाटा लावला, खास तुरुंग बांधला, बचावाला जागाच ठेवली नाही, आणि मेलेल्यांची मालमत्ता जप्त. नगराध्यक्ष योहानेस युनियस याने जुलै १६२८ मध्ये छळाने निकामी झालेल्या हातांनी मुलीला पत्र लिहिलं, त्यात आहे की जल्लादच हात जोडून म्हणाला, काहीतरी रचून सांगा, नाहीतर हे थांबणार नाही. उत्तर तोंडात घालू नका म्हणणारा कायदा तेव्हा शंभर वर्षांचा व्हायला आला होता.

आणि डोरोथिया फ्लॉक, बांबेर्गमधलीच चेटकीण म्हणून पकडलेली बाई, तिचं नाव लेखात नाहीच. तिच्या नवऱ्याने आणि नातेवाइकांनी व्हिएन्नाला सम्राटाच्या दरबारी न्यायालयात दाद मागितली आणि तिच्या बाजूने आदेश मिळाला सुद्धा. पण मे १६३० मध्ये तो बांबेर्गच्या अधिकाऱ्यांच्या हातात पडण्याआधीच त्यांनी घाईघाईने तिला मारून टाकलं. ह्याला कायदा नव्हता म्हणायचं? आदेश वाटेत होता! तो पोचेल ह्या भीतीनेच तर घाई केली.

शेतकऱ्यांना लॉर्डविरुद्ध, म्हणजे त्यांच्या जमीनदार सरदाराविरुद्ध, कोर्टाचं दारच नव्हतं हेही लेखातलं वाक्य तपासून घ्यावं. १४९५ ला वर्म्सच्या सभेत साम्राज्याचं ते वर सांगितलेलं वरिष्ठ न्यायालय स्थापन झालं, ते पुढे श्पायरला आणि १६८९ च्या जाळपोळीनंतर वेत्झलारला गेलं, १८०६ पर्यंत चाललं. फौजदारीत त्याचे हात बांधलेले, पण वेठबिगार, जंगलाचे हक्क, कर ह्यांवरून गावंच्या गावं आपल्या लॉर्डवर तिथे दावे लावत होती. दावे पिढ्यान्‌पिढ्या चालायचे, खर्च प्रचंड, हे खरं, पण दार होतं आणि लोकांनी ते वाजवलं.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलंय. त्यात १५३२ च्या कायद्याची दुरुस्ती यावी, कॅथरिनाच्या सुटकेपुढचा 'नशिबाने' हा शब्द काढावा, आणि डोरोथिया फ्लॉकबद्दल निदान चार ओळी याव्यात, तिच्या नावासकट.

आपला,
एक नियमित वाचक