म्हातारपणी गेलो, कारण...

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला परदेश सहलींवरचा लेख वाचला. लेख छान आहे, फोटो तर फारच छान (सगळ्यांत सव्वीस वर्षांच्या वरचं कुणी नाही). पूर्वी निवृत्तांच्या बसगाड्या जायच्या, आता तरुणाई जाते; साठीनंतर पासपोर्ट काढणारी ती पिढी हौसेला उशिरा जागी झाली, असं लेखकमहाशय म्हणतात.

हौस होती हो, डॉलर नव्हते! ऐंशीच्या दशकात सरकारी नियमाने पर्यटनाला माणशी ५०० डॉलरच मिळत, तेही दरवर्षी नाही, आणि तो आकडा बँक पासपोर्टवर लिहून शिक्का मारून द्यायची. वर्षाला २५ हजार डॉलर नेण्याची मुभा २००४ साली आली (आज २.५ लाख आहे). तेव्हा माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

आता पैसे आहेत, तर वय नडतं. गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीबरोबर व्हिएतनामला जायचं ठरवलं. इथल्याच एका सहल कंपनीतला मुलगा म्हणाला, "आजी, पंच्याहत्तरीच्या वर सोबत घरचं तरुण माणूस लागतं." म्हटलं, ही बहीण आहे ना. "त्यांचं वय?" त्र्याहत्तर. तो नुसता हसला. डॉक्टरांचा दाखला आणला, विम्याचा वाढीव हप्ता भरला, तरी ऐकेना. शेवटी भाचा आला. वय चोपन्न, गुडघे माझ्याहून वाईट. हालाँगच्या बोटीत चढताना मीच त्याला हात दिला.

आणि ती तुमची तरुणाई! आठची बस एक दिवस सव्वाआठला सुटली असेल तर शपथ. आम्ही दोघी साडेसातला लॉबीत, शंकरपाळ्यांचा डबा उघडून. तरुण मंडळी सव्वानऊला डोळे चोळत खाली येत आणि बसमध्ये परत झोपत. हजारो रुपये भरून झोपायला हनोईच कशाला हवं, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्येही झोप उत्तम लागते.

पुढचा लेख लिहिण्याआधी लेखकांनी त्या काउंटरवर एखाद्या आजीला घेऊन जावं. चहा मी पाजेन.

ता.क. शब्दकोड्याचा टाइप महिन्याभरापासून इतका बारीक झालाय की भिंगानेही 'ध' आणि 'घ' कळत नाही. तेही तरुणांसाठीच असेल तर तसं छापा, म्हणजे आम्ही नाद सोडू.

— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे