‘अकरा किलोमीटर’ नेमके कशाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सापेक्षतावादाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारले की विज्ञान पुरवण्यांत एक ठरलेले उत्तर छापून येते: तो हिशोबात धरला नाही तर जीपीएस रोज ११ किलोमीटरने चुकेल. आकडा बरोबर आहे, पण तो जागेच्या चुकीचा नाही.

न्यूटनला साऱ्या विश्वासाठी एकच घड्याळ पुरत होते. आइन्स्टाइनच्या १९०५ आणि १९१५ च्या सापेक्षता सिद्धांतांनंतर घड्याळाची चाल ते कुठे आहे आणि किती वेगात आहे यावर ठरू लागली. जीपीएस उपग्रहातले, २०,२०० किलोमीटर उंचीवरचे आण्विक घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या तुलनेत वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडते, तर तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ४५ पुढे जाते. एकूण ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

पण सगळेच उपग्रह सारखे पुढे असतील तर ही चूक रिसीव्हरच्या (उपग्रहांचे संदेश घेऊन जागा काढणाऱ्या यंत्राच्या) स्वतःच्या घड्याळाच्या चुकीत जिरून जाते. जागेसाठी तीन उपग्रह पुरतात, ही घड्याळाची चूक काढायला चौथा लागतो. उरते ती चुकीच्या वेळेमुळे उपग्रहाच्या जागेत येणारी चूक, पहिल्या दिवशी जेमतेम १५ सेंटिमीटर. शिवाय घड्याळ उड्डाणाआधीच १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ वर लावलेले असते.

खरी मेख कक्षेत आहे. ती पूर्ण गोल नसते. उपग्रह पृथ्वीजवळ आला की त्याचा वेग वाढतो, गुरुत्वाकर्षणही वाढते आणि घड्याळ मंदावते. लांब गेला की उलट. विकेंद्रता (कक्षा गोलापासून किती लांबट आहे त्याचे माप) ०.०२ असेल तर हा फरक ४६ नॅनोसेकंदांपर्यंत जातो, म्हणजे अंतरात जवळपास १४ मीटर! तो प्रत्येक उपग्रहाचा वेगळा असल्याने जिरत नाही. रिसीव्हरला सतत सूत्राने काढून टाकावा लागतो.

आपल्याकडे शेताच्या मोजणीला येणारा रोव्हर (खांबावरचा फिरता रिसीव्हर) तर बेस स्टेशनच्या, म्हणजे जागा आधीच ठाऊक असलेल्या स्थिर रिसीव्हरच्या, मोजमापाशी वजाबाकी करतो, त्यात उपग्रहाच्या घड्याळाची उरलीसुरली चूकही जाते. तेव्हा बांध हातभर सरकलेला दिसला तर आइन्स्टाइनला मध्ये आणू नये. खांब सरळ आहे हे दाखवणारा बुडबुडा मध्यावर होता का, स्क्रीनवर ‘फिक्स’ (पक्की जागा) होते की ‘फ्लोट’वरच (अजून कच्च्या जागेवर) बिंदू घेतला, शेजारी संदेश अडवणारे किंवा परतवणारे पत्र्याचे शेड किंवा डोक्यावरून गेलेला ऊस होता का, हे आधी विचारावे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली