दूध का सोडायचं आणि सोडल्यावर काय करायचं

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘मांस-मच्छी आमच्या घरात कधीच नव्हती, मग दुधाने कुणाचं काय बिघडतं?’ हा तुझा प्रश्न मला सगळ्या पत्रात महत्त्वाचा वाटला, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. व्हीगन, म्हणजे मांसाबरोबर दूध-तुपासकट जनावराकडून येणारं सगळंच सोडणारा, का व्हायचं असं विचारलं की बरेच जण तब्येतीपासून सुरुवात करतात. मी ते करणार नाही. बटाटेवडा, फरसाण, शेव हे सगळं व्हीगनच आहे आणि ते रोज खाऊन कुणाची तब्येत सुधारत नाही. खरं कारण गोठ्यात आहे.

जनावर व्यायल्याशिवाय दूध नाही. गाय सव्वानऊ महिने गाभण असते, म्हैस दहा महिन्यांहून थोडी जास्त. व्याली की दोन-तीन महिन्यांत पुन्हा रेतन करून घेतात, दूध चालूच असतं, आणि पुढच्या वेताआधी साधारण दोन महिने तिला आटवतात. हे चक्र थांबलं की जनावर भाकड आणि धंदा तोट्यात. दर वेताला एक वासरू, आणि त्यातली निम्मी नर. गोऱ्ह्याला पूर्वी नांगर होता, मोट होती. आता ट्रॅक्टर आला. शिवाय जर्सी-होल्स्टीन या परदेशी जातींच्या संकरित गोऱ्ह्याला वशिंड जवळजवळ नसतं, त्यामुळे त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही आणि उन्हात तो लवकर धापा टाकतो. नर रेडकाला तर आधीपासूनच मागणी कमी. त्याने प्यायलेलं दूध डेअरीत जात नाही, म्हणून पान्हा सुटेपर्यंत त्याला कासेला लावायचं आणि लगेच ओढून बाजूला बांधायचं, ही रीत पडली.

आकडे बघ. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-कालवडी साडेचौदा कोटी होत्या आणि बैल, वळू, गोऱ्हे मिळून पावणेपाच कोटींच्या आसपास. म्हैसवर्गात माद्या दहा कोटी आणि नर एक कोटीसुद्धा नाहीत. जन्माला दोन्ही सारखेच येतात. उरलेले कुठे गेले, हा प्रश्न प्रत्येक दूध पिणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे नको असलेला गोऱ्हा अनेकदा मोकाट सुटतो. म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर आहे. रेडकू उपासमारीने जातं नाहीतर खाटकाकडे, आणि आटलेली म्हैसही शेवटी तिकडेच. भारत म्हशीच्या मांसाचा मोठा निर्यातदार आहे, तो या दुधाच्या धंद्यातून सुटलेल्या जनावरांवरच. तुझ्या ताटात मांस नसलं तरी पेल्यातल्या दुधाचा हिशेब तिथपर्यंत जातो.

यात शेतकऱ्याला दोष देऊ नकोस. दुधाचा भाव तो ठरवत नाही, आणि भाकड जनावराला वैरण-पेंड घालणं त्याला परवडत नाही. आता लिंगनिश्चित रेतमात्रा मिळतात, त्यातून सुमारे नव्वद टक्के कालवडी होतात. नरांचा प्रश्न त्याने कमी होईल, पण कालवड गाय झाली आणि म्हातारी झाली की पुढे काय, याचं उत्तर त्यात नाही.

खरवसाचं वेगळं सांगतो, कारण तुला तो फार आवडतो हे मला माहीत आहे. जन्मलेल्या वासराच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. गाईच्या वारेतून ती पोटातल्या वासरापर्यंत पोचतच नाहीत. ती सगळी चिकात, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दाट दुधात असतात (त्याचाच खरवस होतो), आणि वासराचं आतडं ती पहिल्या २४ तासांतच घेऊ शकतं, पहिल्या काही तासांत सर्वांत चांगलं. म्हणून जनावरांचे डॉक्टर सांगतात की वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. तो कमी पडला की हगवण आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. जास्त दुधाच्या संकरित गाईला वासराला पुरून उरेल इतका चीक असतो हे खरं. पण ज्याला जगवायचंच नाही त्या नराच्या वाट्याचा चीकही वडीत जातो.

वसुबारसेला आपल्याकडे सवत्स गाईची पूजा करतात आणि त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका गाईचं दूध, तूप, ताक घेत नाहीत. तो नियम वर्षभर पाळावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता स्वयंपाकघर. पिठलं-भाकरी, झुणका, उसळी, भरलं वांगं, भरीत, आमटी, कोकमाचं सार, सोलकढी यांना हात लावायची गरजच नाही, तुपाऐवजी तेल घातलंस की झालं. अडतं ते चहा, दही आणि तूप या तिघांवर.

दही शेंगदाण्याचं कर. एक वाटी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम दाणे रात्रभर भिजत घाल. एक जरी दाणा खवट असला तरी सगळं दही कडवट लागतं, म्हणून आधी चाखून निवड. सकाळी पाणी फेकून दे, सालं चोळून काढ, गंधासारखं बारीक वाट आणि सगळं मिळून साडेतीन वाट्या पाणी घालून पंचातून गाळ. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं सतत ढवळत उकळ. हे दुधापेक्षा लवकर उतू जातं आणि तळाला धरतं. दाटसर झालं की उतरव आणि करंगळी सोसेल इतपत कोमट होऊ दे. पहिल्या वेळी विरजण म्हणून आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे देठ टोपीसकट त्यात बुडव. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या असाव्यात. उबदार जागी दहा-बारा तास ठेव, मग देठ काढून टाक. हे पहिलं दही सैल होतं आणि त्याला किंचित मिरचीचा वास येतो. त्यातलेच दोन चमचे पुढच्या दुधाला लाव, तेव्हा खरं दही लागेल. लागलं नाही तर बहुतेक वेळा दूध गरम असताना विरजण गेलेलं असतं. वर गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला तर सगळं फेकून दे, वरचं काढून खाऊ नकोस. कोशिंबिरीला, ताकाला, कढीला हे दही उत्तम.

चहाला सोयाबीनचं दूध. आठ-दहा तास भिजवलेल्या एका वाटी सोयाबीनची सालं काढ आणि उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून गरम पाण्यातच वाट. थंड पाण्यात वाटलं की दाण्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो कच्चा, उग्र वास येतो. पाणी एकूण सहा-सात वाट्या. गाळून पंधरा-वीस मिनिटं उकळायलाच हवं, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते उकळीनेच निकामी होतात. चहात हे दूध फुटतं अशी तक्रार तू नक्की करशील. चहाचा आंबटपणा आणि उकळी एकत्र आली की ते फुटतं. तेव्हा पाणी, साखर, आलं, पावडर उकळून गाळून घे, दूध वेगळं गरम कर आणि कपात एकत्र कर. पुन्हा गॅसवर ठेवू नकोस. ओट्सचं घरगुती दूध या कामाला घेऊ नकोस, तापवलं की त्यातल्या पिठाने चिकट होतं.

तुपाची चव कशालाच येत नाही. येते असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पुरणपोळीबरोबर नारळाचा रस घे. कोकणातले शिरवाळे आणि घाटलं, गोव्याचं मणगणं ही आपली जुनी गोडं नारळाच्या दुधावरच उभी आहेत. गूळ विरघळला की आधी पातळ दूध घाल, दाट पहिलं दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नकोस, नाहीतर फुटतं.

यापुढचं मात्र कंटाळा न करता कर. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं बहुतेक शरीराला उपयोगी पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायकांमध्ये निम्म्याहून अधिक जणींना बी-१२ कमी असल्याचं दाखवलं, आणि त्या व्हीगन नव्हत्या. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे दूध सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. मग पायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि वेळ गेली तर नसांचं नुकसान भरून निघत नाही. पालेभाज्यांतलं फोलेट हे दुसरं एक ब-जीवनसत्त्व रक्त ठीक दाखवत राहतं आणि नसांचं दुखणं आत चालू राहतं. म्हणून सुरुवातीलाच रक्ततपासणी कर. नंतर रोज निदान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम सायनोकोबालामिन (गोळीत मिळणारं बी-१२) घे. आधीच कमी निघालं तर मात्रा डॉक्टर ठरवतील. मुलांना मोठ्यांची गोळी देऊ नकोस, बालरोगतज्ज्ञांना विचार.

कॅल्शियमची एवढी धास्ती नको. पेलाभर गाईच्या दुधात साधारण २४० मिलिग्रॅम असतं, तर ७० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीत अडीचशेच्या आसपास. शेवग्याचा पाला, मेथी, भाजून कुटलेले पॉलिश न केलेले तीळ रोज ठेव. पालकावर विसंबू नकोस, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. ‘ड’ जीवनसत्त्वाची डी-३ गोळी बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून होते, डी-२ किंवा लायकेनची (दगडफुलाच्या जातीची) मागून घे.

पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधालाही चालतो, त्याच्या भरवशावर राहू नकोस. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स हे सगळे दुधाचेच भाग, आणि हे शब्द बिस्किटांत आणि वेफर्सच्या मसाल्यातही सापडतील. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळं हिरवं ‘व्ही’ चिन्ह आहे. औषधाच्या गोळीत लॅक्टोज (दुधातली साखर) असलं तरी औषध सोडू नकोस. मध, रेशीम, चामडं यांचं पुढे बघू. घरात आहे ते वापरून संपव, नवीन घेऊ नकोस.

काकूंचं पंचामृत हा खरा नाजूक विषय आहे. देवाच्या ताम्हनात त्यांनी काय घालावं यावर वाद घालू नकोस. नैवेद्याला नारळाच्या दुधाची खीर तू स्वतः करून ठेव आणि त्यांनी तीर्थ दिलं तर काय करायचं ते त्यांच्याशी आधीच शांतपणे बोल.

आधी बी-१२ चा रिपोर्ट आण आणि आकडा मला कळव. विरजण लागलं नाही तर दाणे कुठले होते, दूध किती गरम होतं, किती तास ठेवलं, सगळं लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश