जिझेलचं माहेर

प्रिय मंजू,

फोन उचलत नाहीयेस, काकूंनी सांगितलं प्लास्टर अजून तीन आठवडे आणि बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून पडल्यात. तुझा कथकचा कार्यक्रम हुकला त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण मागे तू चिडून विचारलेलंस ना की काय सारखं जिझेल जिझेल, तर आता ऐक, वेळच वेळ आहे तुझ्याकडे.

जिझेल हा बॅले, आणि त्याची गोष्ट अगदी आपल्या हडळींच्या गोष्टींच्या जातीची. जिझेल ही खेड्यातली पोरगी, वेष बदलून आलेला सरदार, त्याचं लग्न आधीच ठरलेलं, ते कळल्यावर हिला वेड लागतं आणि तिथेच मरते. मग दुसऱ्या अंकात विली, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या पोरींची भुतं, सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवणारी. जिझेल मात्र त्या सरदाराला पहाटेपर्यंत वाचवते (कशाला वाचवलं, हे माझं भांडण अजून चालूच आहे).

१८४१ ला पॅरिस ऑपेरात आला हा बॅले, म्हणजे माहेर पॅरिस, पण १८६८ नंतर माहेरच्यांनीच टाकून दिलं, रशियात नाच बसवणाऱ्या पेतिपाने सांभाळलं म्हणून टिकलं. पण मला सांगायचंय ते क्यूबाचं.

अलिसिया अलोन्सो, हवानाची, न्यूयॉर्कात नाचायची. विशीत डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशनं झाली, महिनोन्महिने डोळ्यांवर पट्टी आणि डोकं हलवायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. अशात तिने जिझेल शिकून घेतली, बोटांनी! नवरा फर्नांडो, तोही डान्सर, तिच्या हातावर बोटं नाचवून स्टेप दाखवायचा आणि ही चादरीवर दोन बोटं चालवून तोच नाच पुन्हा करायची. मग २ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कात जिझेल करणारी मार्कोवा आजारी पडली, ऐनवेळी हिला उभं केलं, आणि त्यानंतर ती भूमिका हिचीच होऊन बसली. बाजूचं जवळजवळ दिसायचं नाही, स्टेजवर रंगीत दिवे लावायचे, त्या खुणेवर ही पुढे जायची, जोडीदाराने मात्र ठरलेल्या जागी इंचभर इकडेतिकडे न होता हजर असायचं.

१९४८ ला तिने हवानात बॅले कंपनी काढली, मध्ये तिथल्या हुकूमशहाच्या, बातिस्ताच्या सरकारशी वाजलं, पैसे बंद, कंपनीही बंद, १९५९ च्या क्रांतीनंतर तीच बॅले नासिओनाल द क्यूबा, म्हणजे देशाची राष्ट्रीय बॅले कंपनी झाली. तिने बसवलेल्या जिझेलमध्ये मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे पहिल्या अंकातला शेतकरी जोडप्याचा नाच तिने दहा जणांना वाटून दिलाय, त्यामुळे पोरगी मरते तेव्हा तिचं अख्खं गाव आपल्या ओळखीचं झालेलं असतं. आणि दुसऱ्या अंकात विलींच्या दोन रांगा समोरासमोरून एका पायावर सरकत, दुसरा पाय मागे ताणून, एकमेकींतून आरपार जातात, हे सगळेच करतात गं, पण यांच्या रांगेत एकही पाय वरखाली नसतो, तुमच्या गुरुजींनीसुद्धा मान हलवली असती.

१९६६ ला पॅरिसच्या महोत्सवात याच जिझेलला मोठं बक्षीस मिळालं, आणि १९७२ ला खुद्द पॅरिस ऑपेराने अलिसियाला बोलावून तिचीच आवृत्ती बसवून घेतली. पॅरिसने! घालवलेली लेक हवानावरून माहेरी आली म्हणायची.

रविवारी येते लॅपटॉप घेऊन, साठच्या दशकातली क्यूबन फिल्म आहे, ब्लॅक अँड व्हाइट, बाई चाळिशी ओलांडलेल्या पण वेडाचा प्रसंग बघच. काकूंना सांग साबुदाणा भिजत घाला. आणि तोवर फोन उचल, माकडे.

तुझीच,
वैशू