क्षेत्रभेट फक्त धरणापर्यंतच का?

महोदय,

शाळांच्या क्षेत्रभेटी सुरू झाल्या आहेत. कोल्हापूर परिसरातल्या बहुतेक शाळांचा बेत ठरलेला असतो. राधानगरी धरण बघायचं, झाडाखाली डबे खायचे, फोटो काढायचे आणि परत फिरायचं. राधानगरी दाखवायलाच हवं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून 1428 क्युसेक पाणी भोगावती नदीत आणि तिथून पुढे पंचगंगेत येतं. पण ते पाणी पुढे कुणाच्या दारात जातं, हे मुलांना कोण दाखवणार?

गेल्या खेपेला माझ्या मुलीच्या वर्गाबरोबर पालक म्हणून मीही गेलो होतो. त्यांच्या बाईंनी मुलांना कसबा बावड्याच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर नेलं. पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, का काढतात, ते तिथं समजावलं. बातम्यांत रोज ऐकलेली 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी खांबावर नेमकी कुठं येते, ते मुलांनी पाहिलं. मग एकानं विचारलं, ‘‘2021 ला पाणी कुठं होतं?’’ त्या वर्षी पातळी 56 फुटांच्या वर गेली होती. सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि कुणी काही बोललं नाही.

तिथून पुराचा फटका बसणाऱ्या प्रयाग चिखली गावाला गेलो. एका आजींनी घरातल्या भिंतीवरचा 2019 चा डाग दाखवला. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाचा हातही तिथवर पोचत नव्हता. ‘‘माणसं होडीतनं नेली, म्हसरं सोडून द्यायला लागली,’’ आजी सांगत होत्या आणि मुलं वहीत उतरवून घेत होती. पाऊस थांबला तरी पूर का ओसरत नाही, हेही त्यांना इथंच उमगलं. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, त्याला फूग येते. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावरून हे कळणं अवघड आहे.

आणि हे डाग आता पुसले जात आहेत. घरं रंगवली जातात, जुन्या भिंती पाडल्या जातात, आणि त्यात रहिवाशांचा काही दोष नाही. पण सुतारवाड्यात, चिखलीत, आंबेवाडीत, शिरोळच्या गावांत 1989, 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा सार्वजनिक इमारतींवर दगडात कोरून ठेवायला काय हरकत आहे? निदान शाळांच्या भिंतींवर तरी?

शिक्षण विभागाने पूरग्रस्त तालुक्यांतल्या शाळांची एक क्षेत्रभेट अशा गावांसाठी राखून ठेवावी आणि ती जूनमध्येच, नदी पात्राबाहेर पडण्याआधी काढावी. बंधाऱ्यावर माहिती द्यायला पाटबंधारे विभागाने एक माणूस दिला तर शिक्षकांचं काम सोपं होईल. बसचा खर्च राधानगरीच्या सहलीपेक्षा कमीच येईल.

– एक पालक, कोल्हापूर